शोभिवंत कोळंबीला जपा कीटकनाशके, क्लोरीन अन् तांब्यापासून

ऊसपट्ट्यात शेतवस्तीवर शोभिवंत कोळंबी पाळताना रोगाइतकाच रसायनांचा धोका असतो. कोळंबी ही कीटकांची जवळची नातलग आहे. त्यामुळे पिकावरील किडीसाठी वापरलेले औषध पाण्यातून, हवेतून किंवा हातावरून टाकीत गेले, तर अत्यल्प मात्रेतही पूर्ण टाकी रिकामी होऊ शकते. विष टाकीपर्यंत कोणत्या वाटांनी पोचते हे ओळखून त्या वाटा बंद करणे, हाच यावरील खात्रीचा उपाय आहे.

काचेच्या टाकीत पाळली जाणारी चेरी कोळंबी दोन ते तीन सेंटिमीटर लांबीची असते. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत ती मिळते. शेवाळ आणि कुजलेला पाला हे तिचे मुख्य अन्न. मादी पोटाखाली अंडी वागवते आणि साधारण तीन ते चार आठवड्यांत त्यातून थेट छोटी कोळंबीच बाहेर पडते. पोशा कोळंबीसारखी अळीअवस्थेसाठी निमखाऱ्या पाण्याची गरज नसल्याने घरच्या घरी पैदास करता येते. मात्र कोल्हापूर जिल्ह्यात टाकीचे शेड आणि उसाचा फड यांत अनेकदा फक्त एक बांध असतो. विहीर एकच, पंप एकच आणि फवारणी करणारा माणूसही तोच असतो.

कीटकनाशकाला कोळंबी का बळी पडते?

कीटक, खेकडा, कोळंबी हे सर्व संधिपाद गटातील जीव आहेत. बाहेरून कायटिनयुक्त कवच, ठरावीक काळाने कात टाकणे आणि मज्जासंस्थेची रचना या बाबतींत त्यांच्यात मोठे साम्य आहे. कीटकनाशके नेमकी याच ठिकाणी काम करतात.

- सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे, तसेच फिप्रोनील, इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरीफॉस ही औषधे मज्जासंस्थेवर परिणाम करतात.
- नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन यांसारखी औषधे नवे कवच तयार होऊ देत नाहीत. कोळंबी कात टाकताना अडकून मरते.
- इमामेक्टीन बेन्झोएट आपण अळीसाठी फवारतो. नॉर्वे, स्कॉटलंड, चिली येथील सॅमन मत्स्यपालनात हेच औषध माशांच्या अंगावरील उवा मारण्यासाठी खाद्यातून दिले जाते. या उवा कोळंबीच्याच म्हणजे कवचधारी वर्गातील आहेत. मासा जगतो आणि ऊ मरते, यावरून या औषधाचा रोख कोणावर आहे हे लक्षात येते.

म्हणूनच ‘माशांना अपाय नाही’ असे कोणी सांगितले, तरी ते कोळंबीला लागू होत नाही.

हिरवा त्रिकोण पाहून फसू नये

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हे रंग सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून, म्हणजे माणसाला असलेल्या धोक्याच्या अंदाजाने ठरवलेले असतात. पाण्यातील जीवांना धोका किती, हे त्या रंगावरून कळत नाही. उसावरील खोडकिडीसाठी वापरले जाणारे क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हिरव्या त्रिकोणाचे आहे. फवारणाऱ्यासाठी ते तुलनेने सुरक्षित आहे, पण पाण्यातील कवचधारी जीवांना ते अतिशय विषारी आहे. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात जलचरांबाबत दिलेली सूचना वाचावी आणि तीच प्रमाण मानावी.

किती औषध पुरते?

काही पायरेथ्रॉइड औषधे पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असताना कवचधारी जीवांना मारतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सायपरमेथ्रीन १० टक्के ईसी या औषधाच्या १० मिलिमध्ये सुमारे १ ग्रॅम क्रियाशील घटक असतो. एवढा घटक १० लाख लिटर पाण्यात समान मिसळला, तरी त्याचे प्रमाण लिटरला १ मायक्रोग्रॅम होते. घरातील टाकी ५० ते ६० लिटरची असते. तिच्यासाठी पंपाच्या नोझलवर राहिलेला थेंबही जास्त होतो. ‘थोडेसेच गेले असेल’ हा अंदाज येथे चालत नाही.

पहिली वाट: विहीर आणि शेत

कोल्हापूर भागात उसाला हुमणीचा उपद्रव मोठा असतो. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात आणि पुढे अळीसाठी फिप्रोनील व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण आळवणीतून किंवा ठिबकमधून दिले जाते. ही दोन्ही औषधे कोळंबीसाठी घातक आहेत. याच काळात विहिरीचे पाणी टाकीसाठी वापरताना जास्त काळजी घ्यावी.

- ठिबकमधून व्हेंचुरीने औषध सोडताना अचानक वीज गेली, तर पाइपमधील औषधमिश्रित पाणी उलटे विहिरीत ओढले जाऊ शकते. पंप आणि व्हेंचुरी यांच्यामध्ये चालू स्थितीतील नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असल्याशिवाय ठिबकमधून कीटकनाशक देऊ नये.
- फवारणी पंप विहिरीच्या काठावर भरू नये, तेथे धुऊही नये. पाणी बॅरलमध्ये काढून विहिरीपासून दूर नेऊन द्रावण तयार करावे.
- औषध दिल्यानंतर मोठा पाऊस झाला, तर शेतातून वाहून आलेले पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात उतरते. विहिरीचा कठडा उंच ठेवावा. शेततळ्याभोवती चर काढून वाहते पाणी वळवावे. असे पाणी आल्याची शंका असल्यास निदान काही आठवडे ते टाकीसाठी वापरू नये.
- शेडजवळच्या फडात फवारणी करायची असल्यास वारा शेडकडून फडाकडे वाहत असताना करावी. ड्रोनने किंवा ब्लोअरने फवारणी होणार असेल, तर शेजाऱ्याकडून आदल्या दिवशी वेळ समजून घ्यावी.
- पूर ओसरल्यानंतर नदीकाठच्या विहिरींत शेतातील व गोदामातील औषधे मिसळलेली असू शकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. अशा विहिरीचा पूर्ण उपसा करून नवे पाणी आल्यानंतर आणि पुढे दिलेली चाचणी घेतल्यानंतरच ते पाणी टाकीत वापरावे.

निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क वनस्पतीजन्य असले, तरी ते किडीवर परिणाम व्हावा म्हणूनच बनवलेले असतात. कोळंबीच्या टाकीपासून तेही दूर ठेवावेत.

दुसरी वाट: नळाचे पाणी

कोल्हापूर शहराला २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी मिळू लागले. स्रोत कोणताही असला तरी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन असतोच. नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. माणसासाठी आवश्यक असलेली ही मात्रा कोळंबीच्या कल्ल्यांना इजा करते.

- गावात टीसीएल पावडर टाकल्यानंतर क्लोरीनचे प्रमाण काही तास बरेच जास्त असू शकते. पुरानंतर आणि साथीच्या काळात ही मात्रा वाढवलेली असते.
- पाणी उघड्या बॅरलमध्ये किमान २४ तास हवा सोडून ठेवावे. त्यानंतर ग्रामपंचायतीत जलसुरक्षक वापरतात तीच ओटी चाचणी घ्यावी. पाण्याला पिवळी छटा आली, तर क्लोरीन अजून शिल्लक आहे.
- घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. बाजारात ते हायपो किंवा अँटी-क्लोरीन म्हणून मिळते. १ भाग क्लोरीन घालवण्यासाठी साधारण ७ भाग थायोसल्फेट लागते. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला पाऊण ते एक ग्रॅम पुरते.
- क्लोरीन गेला म्हणजे पाणी सुरक्षित झाले, असे नाही. कीटकनाशक किंवा तांबे पाणी ठेवून देऊन उडून जात नाही, थायोसल्फेटनेही कीटकनाशक नाहीसे होत नाही.
- डेंगीच्या काळात घरातील पाणीसाठ्यात डासअळीसाठी टेमिफॉस टाकले जाते. ते कोळंबीला अतिशय विषारी आहे. टाकीसाठीचे बॅरल झाकून, ‘यात औषध टाकू नये’ अशी पाटी लावून वेगळे ठेवावे. आरोग्य कर्मचारी आल्यावर ते दाखवावे. अळी होऊ नये म्हणून त्यात गप्पी मासे सोडता येतात.

तिसरी वाट: हवा

टाकीत हवा सोडणारा पंप खोलीतील हवा ओढून पाण्यात बुडबुड्यांनी मिसळतो. खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन किंवा झुरळांचा स्प्रे वापरला, तर त्यातील औषध पंप थेट पाण्यात पोचवतो. कॉइल व लिक्विडमधील ट्रान्सफ्लुथ्रीन, प्रॅलेथ्रीन, ॲलेथ्रीन हीसुद्धा पायरेथ्रॉइडच आहेत.

- टाक्या असलेल्या खोलीत कॉइल, लिक्विड, स्प्रे, अगरबत्तीच्या नावाने मिळणाऱ्या डासनाशक कांड्या वापरू नयेत. खिडकीला जाळी आणि झोपताना मच्छरदाणी हा उपाय ठेवावा.
- गावात धूर फवारणी होणार असेल, तर खिडक्या बंद कराव्यात, टाक्यांवर प्लॅस्टिक कागद टाकावा आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवावा. धूर निवळल्यावर खोली मोकळी करून मग कागद काढावा व पंप सुरू करावा.
- कीटकनाशकांचे डबे, बियाण्याला लावायची औषधे, गोचिडांची औषधे टाक्यांच्या शेडमध्ये ठेवू नयेत.

चौथी वाट: हात, भांडी आणि पाइप

कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या घटकात तांबे असते. तरीही पाण्यात विरघळलेले जास्तीचे तांबे कल्ल्यांवर परिणाम करून तिला मारते. पाणी जितके मृदू आणि सामू जितका कमी, तितका तांब्याचा विषारीपणा वाढतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी भागातील डोंगराळ, मृदू पाण्यात ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

- तांब्याचा बंब, घागर, पितळी तपेले यांतील पाणी टाकीत वापरू नये. हवेच्या नळीला पितळी कॉकऐवजी प्लॅस्टिक कॉक लावावा.
- पत्र्यावरून पावसाचे पाणी गोळा करत असल्यास जस्ताचा मुलामा असलेला नवा पत्रा टाळावा. पहिल्या काही पावसांचे पाणी सोडून द्यावे.
- बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण हाताळलेली बादली, मग, गाळणी टाकीसाठी पुन्हा वापरू नये. टाकीची भांडी वेगळ्या रंगाची ठेवावीत.
- फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. टाकीचे काम सकाळी, फवारणीच्या आधी उरकावे.
- तंबाखू मळलेला हात पाण्यात घालू नये. निकोटीन कीटकांप्रमाणेच कोळंबीच्याही मज्जासंस्थेवर परिणाम करते. इमिडाक्लोप्रिडच्या गटाला ‘निओनिकोटिनॉइड’ हे नाव निकोटीनवरूनच पडले आहे.
- साबण, डिटर्जंट, फिनेल, डास पळवणारी क्रीम यांचाही अंश टाकीत जाऊ देऊ नये.

कोळंबीच्या तयार खाद्यावर घटकांत कॉपर सल्फेट लिहिलेले दिसते. ते पोषणापुरत्या सूक्ष्म प्रमाणात असते. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

पाचवी वाट: खाद्य आणि पाणवनस्पती

- पालक, काकडी, दोडका फवारणी न केलेल्या परसबागेतील द्यावा. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून टाकीत टाकावा. उकळल्याने भाजी मऊ होते, पण आत शोषलेले औषध त्यामुळे पूर्ण जात नाही. म्हणून बाजारातील भाजी टाळलेलीच बरी.
- देशी बदामाची वाळलेली पाने उपयोगी असतात. ती रस्त्याकडेची किंवा धूर फवारणी झालेल्या जागेची नसावीत.
- रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतींवर कीटकनाशक असू शकते. त्या वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवून एक दिवसाआड पाणी बदलावे.

सहावी वाट: माशांची औषधे

माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांसाठीच्या काही औषधांत तांबे असते. कार्प माशांवरील उवांसाठी, म्हणजे आर्गुलससाठी, तलावात सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन वापरले जाते. आर्गुलस स्वतः कवचधारी वर्गातील आहे. त्याला मारणारे औषध कोळंबीला सोडत नाही. मासे आणि कोळंबी एकत्र असतील, तर आजारी मासा वेगळ्या टाकीत नेऊन उपचार करावा. उपचाराच्या टाकीची जाळी व स्पंज कोळंबीच्या टाकीत आणू नये.

लक्षणांवरून कारण ओळखा

- मासे ठीक, पण कोळंबी वेडीवाकडी पोहते, गोल फिरते, पाठीवर पडून पाय झाडते: कीटकनाशकाची शक्यता सर्वाधिक.
- पाणी बदलल्यावर काही मिनिटांत ते तासांत सर्व टाकीत धावपळ, उड्या: क्लोरीन किंवा नव्या पाण्यातील अन्य विष.
- कोळंबी सुस्त, खात नाही, रोज एक-दोन मरतात: तांबे किंवा कमी प्रमाणातील सततची विषबाधा.
- कात अर्धवट टाकून मृत्यू: कवच बनण्यात अडथळा आणणारे औषध, किंवा पाण्यात कॅल्शियमची कमतरता.
- मासेही पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात: प्राणवायू कमी किंवा अमोनिया जास्त.

शेवटचे कारण विषबाधेशी अनेकदा गल्लत करते. नवी टाकी पुरेशी मुरलेली नसेल किंवा खाद्य जास्त झाले असेल, तर अमोनिया साठतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून फवारणीला दोष देण्यापूर्वी अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासावा.

पाणी वापरण्यापूर्वी चाचणी

कीटकनाशकाचा इतका सूक्ष्म अंश घरगुती किटवर दिसत नाही. त्यासाठी सोपी चाचणी घ्यावी. दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्याव्यात. एकीत क्लोरीन घालवलेले नवे पाणी, दुसरीत चालू टाकीतील पाणी भरावे. प्रत्येकीत विक्रीयोग्य नसलेल्या पाच कोळंबी सोडून ४८ तास निरीक्षण करावे. नव्या पाण्यातील एकही कोळंबी आडवी पडली, तर ते पाणी वापरू नये. ही चाचणी कात टाकण्यावर परिणाम करणारी औषधे पकडत नाही. त्यामुळे चाचणी चांगली आली, तरी एका वेळी दहा ते वीस टक्केच पाणी बदलावे आणि सर्व टाक्यांचे पाणी एकाच दिवशी बदलू नये.

विषबाधा झाल्यास तातडीने

१. विषाची वाट आधी बंद करावी. खोलीतील हवा दूषित असेल, तर हवेचा पंप स्वच्छ हवेच्या जागी ठेवावा.
२. राखीव बॅरलमधील तपासलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यात जिवंत कोळंबी हलवाव्यात. असे एक राखीव बॅरल शेडमध्ये कायम भरलेले असावे.
३. हलवणे शक्य नसेल, तर निम्मे पाणी बदलावे आणि काही तासांनी पुन्हा बदलावे.
४. गाळणीत सक्रिय कोळसा घालावा. चुलीतील कोळसा त्याला पर्याय नाही.
५. मीठ, औषध, जीवनसत्त्व यांपैकी काहीही टाकू नये.
६. दूषित टाकीतील स्पंज, लाकूड, वाळू पुन्हा वापरू नये. पायरेथ्रॉइड औषधे अशा वस्तूंना चिकटून राहतात.
७. एक लिटर पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. आसपास कोणती फवारणी कधी झाली, याची नोंद करावी. प्रयोगशाळेत नेमके काय तपासायचे, हे या नोंदीवरूनच ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपन केंद्रांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला केंद्राचा किंवा कोळंबीच्या टाक्यांचा सल्ला देताना त्याचे पीक, फवारणीचे वेळापत्रक आणि पाण्याचा स्रोत आधी विचारावा. उसाचा सल्ला देणारा आणि मत्स्यपालनाचा सल्ला देणारा वेगळा असेल, तर दोघांनी एकमेकांना कळवावे. शेडला लागून असलेल्या उसात प्रकाश सापळे, कडुनिंब व बाभळीवरील हुमणीचे भुंगेरे रात्री सामुदायिकरीत्या गोळा करणे, खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड या उपायांना प्राधान्य द्यावे. रासायनिक उपाय टाळता येत नसेल, तर तारीख आधी कळवून शेतकऱ्याला टाक्या झाकण्यास व राखीव पाणी भरून ठेवण्यास सांगावे.

टाकीतील कोळंबीला जे लागू, तेच शेततळ्यातील पोशा कोळंबीला आणि ओढ्यातील झिंग्यांनाही लागू आहे. फवारणी पंप ओढ्यात धुतला, तर त्या पट्ट्यातील झिंगे आणि खेकडे मरतात, मग त्यांच्यावर जगणारे मासेही कमी होतात. पंप धुतलेले पाणी त्याच शेतातील मोकळ्या जागेत, विहीर व ओढ्यापासून दूर ओतावे.